गुडघ्यावरचा हात

"तुमचं नातं?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं, आणि चष्मेवाल्याचा रुमालाकडे चाललेला हात वाटेतच थांबला. प्रश्नात वावगं काही नव्हतं. सकाळपासून येईल त्याला ती हेच विचारत असणार. तिच्यापुढे बिल्ल्यांचे ढीग होते, आणि कुणाला कुठला द्यायचा एवढंच तिला ठरवायचं होतं. त्याच्याबरोबरच्या म्हातारीच्या शालीवर ‘कुटुंबीय’ असा बिल्ला तिनं उठून, जपून, टाचणी लागू न देता लावला होता. आता याची पाळी. "मी यांच्याबरोबर आलोय," तो म्हणाला. "हो काका, पण जे गेले त्यांचे तुम्ही कोण?" मागे रांग वाढत होती. त्यानं मनातल्या मनात सगळी नाती धुंडाळून पाहिली. आत्याच्या नवऱ्यासाठी शब्द आहे, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यासाठी आहे, मुलीच्या सासऱ्यासाठी आहे. माणसांनी इतक्या बारीकसारीक नात्यांची सोय करून ठेवली, आणि बायकोच्या आधीच्या नवऱ्याचे आपण कोण, एवढं मात्र राहून गेलं. म्हातारीकडे पाहावं तर ती मैदानावरच्या झेंड्यांकडे बघत उभी. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे तिकडून मदतीची आशा नव्हती. शेवटी मुलीनंच मार्ग काढला. "आजींना धरून आणलंत ना तुम्ही? मग हा घ्या." आणि त्याच्या खिशावर बिल्ला आला: ‘मदतनीस’.

बिल्ला खोटा नव्हता. तरी आत जाताना तो चष्मेवाल्याला पावलापावलाला टोचत राहिला. एरवी या दिवशी तो टेबलापर्यंत येतच नसे. दरवर्षी बायकोला आणि म्हातारीला फाटकाशी सोडायचं, आणि आपण "गाडी बघतो" म्हणून मागच्या कठड्यापाशी जाऊन उभं राहायचं, ही त्याची ठरलेली रीत. गाडीला तिथं काय धाड भरणार होती, हे बायकोही कधी विचारत नसे. कठड्यापाशी ड्रायव्हर, पोलीस, फुगेवाले आणि तो. तिथून व्यासपीठ बोटभर दिसायचं. भाषणं वाऱ्यावर यायची आणि वाऱ्यावर जायची. मग नावं सुरू व्हायची, आणि तो गाडीच्या आरशात बघत ऐकायचा. या शहरातून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या प्रत्येकाचं नाव पुकारायचं, आणि त्याच्या घरच्या माणसानं उभं राहून "हजर" म्हणायचं, अशी इथली पद्धत. नाव पुकारणारा मग क्षणभर थांबतो आणि पुढच्या नावाकडे जातो. बाकी काही नाही. पण त्या हजर म्हणणाऱ्या आवाजांत एक आवाज म्हातारीचा असायचा, चिरका, कानांनी साथ सोडलेल्या माणसाचा असतो तसा वाजवीपेक्षा मोठा, आणि तो कठड्यापर्यंत आला की चष्मेवाला गाडीच्या टपावरची धूळ उगाच पुसायला लागायचा.

यंदा बायको इथं नव्हती. मुलीचे दिवस भरत आले होते आणि ती परगावी तिच्याकडे गेली होती. काल फोनवर तिनं सगळं दोनदा सांगितलं. "पहिल्या रांगेत बसायचं. आईंच्या डावीकडे. नावं पुकारायला लागले की त्यांना काही कळत नाही, भोंग्याचा आवाज त्यांच्या कानात नुसता घुमतो. आपलं नाव आलं की गुडघ्यावर हात ठेवायचा, की त्या उठतात. इतकंच." "आणि म्हणायचं?" "म्हणतात त्याच. तुम्हाला तोंडसुद्धा उघडायचं नाहीये." ती थोडं थांबून म्हणाली, "जमेल ना? नाहीतर राहू दे यंदा." त्या थांबण्यात तिला सगळं कळतं हे त्याला कळलं, आणि म्हणून तो लगेच म्हणाला, "न जमायला काय झालं? दिवसभर लोकांच्या नाकाकानांनाच हात लावतो मी, गुडघा काय जड आहे." ती हसली. मागून मुलगी ओरडली, "बाबा, आजीला नवा चष्मा घालायला लावा, नाहीतर ती जुनाच घालून येईल." ही मुलगी त्याला बाबा म्हणते आणि भिंतीवरच्याला ‘फोटोतले बाबा’. लहान होती तेव्हापासून हा हिशेब तिनं आपल्या आपण लावून टाकला होता. अडचण झाली ती मोठ्यांची.

भिंतीवरचा तो फोटो. चष्मेवाला तो रोज सकाळी पुसतो. पहिल्यांदा पुसला तो धंद्याच्या खोडीनं. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्याला घास गोड लागत नाही. मग पुसता पुसता बोलणं सुरू झालं. "काय दादा, आज पोरीचा निकाल." "काय दादा, तुमच्या मातोश्रींनी आज माझ्या चहात मीठ घातलं, वर म्हणतात तुमचीच जीभ बिघडलीय." हा माणूस त्याला कधी भेटला नाही, आणि तरी त्याला त्याचं काय काय ठाऊक होतं. तो पालथा झोपायचा. पाल दिसली की पलंगावर चढायचा, बंदूक चालवणारा गडी. शीळ घालायला गेला की शिळेऐवजी नुसती हवा यायची. कान असे पुढे आलेले, की चष्मेवाल्याला दर खेपेला वाटायचं, याला चष्म्याची काडी बसवायला किती सोपं गेलं असतं. पण यातली खरी गंमत वयाची होती. लग्न झालं तेव्हा फोटोतला माणूस त्याच्या बरोबरीचा होता, अंमळ वडीलच वाटायचा. अंगात गणवेश असला की वय वाढतं. पुढे चष्मेवाल्याचे केस गेले, पोट आलं, दाढ काढली, आणि तो तिथंच राहिला. हल्ली सकाळी काच पुसताना ‘दादा’ म्हणताना त्याची जीभ अडखळते. समोर एक कोवळं पोर असतं, मोठ्या कानांचं. जावईसुद्धा याच्यापेक्षा थोराड दिसतो.

आणि तरीही जेवताना सगळे एखाद्या गोष्टीवर खदखदून हसत असले, की मधेच त्याचा हात थांबायचा. ही खुर्ची. हे ताट. पाणी मागितल्यावर न बघता पुढे येणारा हा हात. आपण काही कुणाचं हिसकावून घेतलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी एखाद्याची जागा धरून बसावं आणि तो येईल म्हणून दाराकडे बघत राहावं, तसं काहीतरी त्याच्या मनात कायम असे. दुकानात तो दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलतो आणि विचारतो, "आधीचं बरं की आत्ताचं?" लग्नानंतर बायकोचा नंबर काढताना त्यानं सवयीनं तेच विचारलं, आणि जीभ चावली. मग तीच म्हणाली, "दोन्हींतून चांगलं दिसतं." आणि ती हसली, तोही हसला, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर त्याला कधी मिळालं नव्हतं, आणि ते बायको देऊही शकली नसती. म्हातारीच्या लेखी आपण कोण?

कारण हे सगळं म्हातारीनंच घडवून आणलं होतं. ती तुटलेली काडी घेऊन दुकानात यायची, बरोबर तरुण सून आणि सुनेच्या कडेवर मुलगी. पुढं ती काडी न तुटताही यायला लागली. मग एकदा एकटीच आली, खुर्चीवर चढून बसली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं विचारायच्या आत घडाघडा म्हणून दाखवली. पाठच करून ठेवली होती. वर म्हणाली, "डोळे माझे चांगले आहेत. माणूस बरोबर दिसतं मला. तुम्ही लग्न का नाही केलंत?" "राहून गेलं." "माझ्या सुनेशी करा." त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. "पण एक आहे," ती म्हणाली, "मीही बरोबर येणार. मला दुसरं कुणी नाही." अशी त्याला बायकोबरोबर तिची सासू आंदण मिळाली. तेव्हापासून ती त्याला ‘चष्मेवाले’ म्हणते. दुकानात म्हणायची तेच घरात. आणि तो तिला काय म्हणतो? काहीच नाही. लोकांशी बोलताना ‘आई’, पण तिच्या तोंडावर तो शब्द कधी निघाला नाही. आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिचे कान गेले तेव्हा त्याची एका परीनं सुटका झाली, कारण मग हाक मारून उपयोगच नव्हता. समोर जाऊन उभं राहायचं. तोंड दिसलं की ती ओठांवरून सगळं ओळखते. घरात तिच्यापासून काही लपवायचं तर पाठ करून बोलावं लागतं.

पहिली रांग उन्हात होती. खुर्च्यांच्या पाठींना पांढरं कापड बांधलेलं. म्हातारी बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि मग ती उचलून उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. ती खुर्ची काठीवाल्यांची. बायकोच्या तोंडून त्यानं त्यांच्याबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. शाळेत कवायत शिकवायचे, पुढं गुडघे गेले आणि हातात काठी आली. त्यांचा मुलगा आणि हिचा मुलगा एकाच गाडीत होते, एकदमच गेले, म्हणून नावंही एकामागून एक येतात, आधी त्यांचं, मग आपलं. काठीवाले आणि म्हातारी वर्षातून या एका दिवशी भेटायची. बोलणं असं फारसं नसे. ती पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून द्यायची, ते ती गालात धरायचे, आणि नाव आलं की गोळी गालातच ठेवून "हजर" म्हणायचे, त्यामुळे त्यांचा शब्द दरवर्षी थोडा बोबडा यायचा. गेल्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्यामागे कुणी नव्हतं. हे म्हातारीला सांगितलं होतं, तेव्हा तिनं मान हलवली होती आणि उठून आपली मच्छरदाणी धुवायला घेतली होती.

एक स्वयंसेवक वाकून म्हणाला, "आजी, इथं कुणी येणार आहे का? मागे खुर्च्या कमी पडतायत." तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "आहे," ती म्हणाली. तो निघून गेला. चष्मेवाल्याला वाटलं, विसरली. म्हातारपण, आणि काय. आपण आठवण करून द्यावी का? पण ते समोर जाऊन, ओठ हलवून, एवढ्या लोकांत? तिनं मान वळवून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मोतीबिंदू काढल्यानंतरचा हा नवा चष्मा त्यानं स्वतः, दुकानातल्या पोऱ्यांना हात लावू न देता, घासून बसवला होता. लांबचंही दिसावं, जवळचंही. नाकावर रुतू नये. घामानं घसरू नये. त्या चष्म्यातून तिनं त्याच्या खिशावरचं वाचलं. "मदतनीस," ती मोठ्यानं म्हणाली. मागच्या रांगेतल्या दोघी हसल्या. "बरं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा समोर बघायला लागली. त्या ‘बरं’मध्ये काय होतं हे तो पुढची दोन भाषणं संपेपर्यंत शोधत राहिला. काही नसेलही. पण माणसाला जे हवं असतं ते तो दुसऱ्याच्या एका शब्दात शोधतो, आणि मग ते तिथं नाही म्हणून हिरमुसतो.

भाषणं झाली. बँड वाजला. सगळे उठले, सगळे बसले. मग व्यासपीठाच्या कडेला एक उंच, मिशाळ अधिकारी येऊन उभा राहिला आणि नावं सुरू झाली. नाव, मग हुद्दा, मग थांबणं. "हजर." बाईचा आवाज. पुढचं नाव. "हजर." हा कोणी तरुण, घाईघाईत, जणू उशीर झालाय. इतक्या जवळून चष्मेवाल्यानं हे कधी ऐकलं नव्हतं. कठड्यापाशी हे सगळे आवाज एकसारखे वाटायचे. इथं कळत होतं की प्रत्येकाची धाटणी निराळी आहे. कुणी रागानं म्हणत होतं, कुणी शाळेतल्यासारखं. शाळेतल्यासारखं म्हणताच त्याला शाळा आठवली. बाकावर शेजारी बसणारा पोरगा उशिरा यायचा, आणि मास्तरांनी त्याचा नंबर पुकारला की हा खाली मान घालून, आवाज बदलून, त्याचं "हजर" म्हणून टाकायचा. कधी पकडला गेला नाही. आवाज बदलायचं काम त्याला छान जमायचं. आता जमलं असतं का? आणि छे, आपल्याला कुठं म्हणायचंय. आपला फक्त हात. त्यानं हात पँटला पुसला. गुडघा दोन विती अंतरावर होता, शालीखाली, लहानसा, पक्ष्यासारखा. या बाईला त्यानं इतक्या वर्षांत, आजचं धरून आणणं सोडलं तर, हात लावला होता तो फक्त कानामागे, काडी वाकवताना.

आणि मग काठीवाल्यांच्या मुलाचं नाव आलं. त्यानं ते ओळखलं. नाव झालं, हुद्दा झाला, अधिकारी थांबला. कुणी उठलं नाही. मैदानावर कुठंतरी दोरी खांबावर आपटत होती तेवढा आवाज. चष्मेवाल्यानं आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकल्या असतील, पण एखाद्याचं नाव घेतल्यावर पसरलेली तशी शांतता त्यानं ऐकली नव्हती. ती त्याला सोसवेना. यानंतर आपलं, यानंतर आपलं, असं स्वतःला बजावता बजावता त्याचा हात उचलला गेला आणि गुडघ्यावर पडला. पडताक्षणी त्याला कळलं. हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. म्हातारी उठली. एक हात पिशवीच्या खुर्चीवर टेकवून ती सरळ उभी राहिली, मान वर केली, आणि त्या चिरक्या, वाजवीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, "हजर." अधिकाऱ्यानं मान लववली. ती बसली. शाल सारखी केली. तिच्या दृष्टीनं तिचं काम झालं होतं, असं चष्मेवाल्याला वाटलं, आणि त्याला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

पुढचं नाव त्यानं रोज सकाळी काचेमागे पाहिलेल्या पोराचं होतं. भोंग्यातून ते एवढं मोठं होऊन आलं, की क्षणभर ते त्याचं वाटेना. घरात ते नाव हळूच घेतात. मग हुद्दा. मग थांबणं. चष्मेवाल्यानं म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला, नीट, दाबून. ती हलली नाही. पुन्हा ठेवला. ती समोर बघत होती. आणि तीच शांतता पुन्हा पसरायला लागली, या वेळी आपल्या पोरावर. आवाज कसा बदलावा, आपल्याला काय हक्क, लोक काय म्हणतील, फोटोतला काय म्हणेल, या सगळ्या गोष्टी मनात येऊन उभ्या होत्या, पण त्यांचं ऐकायला वेळच नव्हता. उशीर करणारा एक मुलगा आहे आणि त्याचं नाव पुकारलंय, आणि शेजारी आपण बसलोय. तो उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. "हजर," तो म्हणाला. आवाज बदलला नाही. त्याचाच आवाज निघाला, दुकानातला, फोटोशी बोलायचा. कुणी हसलं नाही. कुणी मागे वळून पाहिलं नाही. अधिकाऱ्यानं मान लववली, आणि चष्मेवाल्याच्या अंगातून आजवरचं दाराकडे बघणं असं काही निघून गेलं, की तो मागे न बघता बसायला गेला, तर खुर्ची नाही. मागच्या बाईनं ती उचलून पुढे सरकवली.

उरलेली नावं त्याला ऐकू आली नाहीत. फुलं वाहून झाली, बँड पुन्हा वाजला, माणसं उठली आणि खुर्च्या घड्या होऊ लागल्या. म्हातारी बसूनच होती. तो तिच्यापुढे जाऊन उकिडवा बसला, म्हणजे तिला त्याचं तोंड दिसेल. "आई," तो म्हणाला, आणि तो शब्द निघून गेल्यावरच त्याला कळलं की निघाला. "माझी चूक झाली. हात आधीच पडला माझा. ते नाव आपलं नव्हतं. काठीवाल्यांच्या मुलाचं होतं."

"माहीत आहे की."

"काय माहीत आहे?"

"कुणाचं नाव ते." तिनं चष्मा नाकावर वर सारला. "तो मिशाळ किती तोंड वासून बोलतो. पूर्वी नुसतं धुकं दिसायचं. यंदा सगळं वाचता आलं मला, पहिल्यापासून. तुमचा हात पडला नसता तरी मी उठणार होते."

"मग आपलं नाव आलं तेव्हा? मी दोनदा हात ठेवला."

"ठेवलात ना. गुडघा दुखतोय अजून." तिनं उजवीकडच्या खुर्चीवरून पिशवी उचलली आणि आत हात घालून काहीतरी चाचपू लागली. "त्या पोराचं म्हणायला कुणी उरलं नव्हतं," ती पिशवीतच बघत म्हणाली. "आपल्या पोराला होतं. घरचं माणूस शेजारी बसलेलं असताना मी कशाला उठू?"

पिशवीतून तिनं पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवला आणि त्याच्यापुढे धरली. त्यानं ती गालात ठेवली. मग तिला धरून उठवलं, आणि दोघं फाटकाकडे चालू लागली. बिल्ला घरी येईपर्यंत त्याच्या खिशावर तसाच होता. काढायची आठवणच झाली नाही. दुपारी बायकोचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "आवाज असा का येतोय तुमचा?" गोळी फार तिखट होती, असं त्यानं तिला सांगितलं.